शनिवारी सकाळी अकरा वाजता तो कुठे होता

शुक्रवार, ९ फेब्रुवारी १९१२

ईनॉस काल दुपारी गेला. वय बेचाळीस, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. छाती गेली होती. वीस वर्षे लोकरीच्या गोदामात गाठोडी उचलल्यावर छाती जाते. हे सांगायला डॉक्टरला लॅटिन वापरायची गरज नव्हती.

आज मृत्यूची नोंद करायला गेले. नाव ऐकून कारकुनाने टाक खाली ठेवला.

"आपला ईनॉस ओल्डरॉइड? आघाडीचा?"

"माझा भाऊ."

"मग धंदा काय लिहू, बाई? रग्बीपटू?"

"गोदाम कामगार."

"पण सगळं होमरॉइड गाव त्याला..."

"माणूस आठवडाभर ज्यावर जेवतो तो धंदा. शनिवारी दुपारी चिखलात लोळतो तो नव्हे."

त्याने लिहिले. अक्षर वाईट होते. मी दोनदा तपासून सही केली.

झिलाचे, म्हणजे ईनॉसच्या बायकोचे, घर माणसांनी भरले होते. मागावर काम करणाऱ्या बायका घरातही ओरडूनच बोलतात, त्यामुळे मला रस्त्यातूनच सगळे ऐकू आले. मला बघून झिला म्हणाली, "वन्सं, शेवटचं काय बोलले ठाऊक आहे? म्हणाले, शनिवारी माझ्या जागेवर त्या लंगड्या हेप्टनला घेऊ नका म्हणावं." आणि रडता रडता हसली. आठ वर्षांपूर्वी खेळ सोडलेल्या माणसाचे हे शेवटचे शब्द, आणि ते ऐकून खोलीतले सगळे माना डोलावत होते.

मी रडले नाही. कपबशा विसळल्या. एका कपाचा कान तुटलेला होता. इतक्या लोकांपुढे तो ठेवायला नको होता.

शनिवार, १० फेब्रुवारी

रग्बी क्लबाचा चिटणीस जेबेझ क्राउदर घरी आला. बरोबर समितीतले दोघे, पण ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत. क्राउदर एके काळी ईनॉसच्या गोदामात फोरमन होता. नव्व्याण्णव सालच्या वसंतात ती जागा गेली. का गेली ते त्याने कधी सांगितले नाही, पण फोरमनच्या जागा का जातात ते ह्या गावात सर्वांना ठाऊक आहे. प्रत्येक कोपऱ्यावर गुत्ता आहे. आता तो पोरांच्या लाकडी बुटांना नाल ठोकतो. माझ्या वर्गातले निम्मे बूट त्याच्या हातचे.

त्याचे म्हणणे, अंत्ययात्रा पुढच्या शनिवारी एक वाजता काढावी. मैदानावरून. सामन्याच्या आधी.

मी म्हटले, "म्हणजे शेवटच्या खेपेलाही गर्दी त्यानेच जमवायची."

"तसं नाही, बाई. शनिवारी दुपारी माणसं मोकळी असतात. गावाला यायचंय."

"गावाला त्याची इतकी ओढ होती तर तो आठ वर्षं तुमच्या फाटकावर तिकिटं फाडत बसला होता, तेव्हा कुठे होतं गाव?"

"त्याच्यासमोरूनच आत जात होतं," क्राउदर म्हणाला. हे उत्तर होते की उद्धटपणा, मला कळले नाही.

मी सांगितले, मंगळवारी सकाळी दहाला. थडगे माझ्या नावावर आहे. आईच्या वेळी मीच घेतले, त्यामुळे तारीखही मीच ठरवणार. ह्या वेळी शाळेने मला अर्ध्या दिवसाची रजा दिली आहे. आईच्या वेळी दिली नव्हती.

"मंगळवारी दहाला माणसं गिरणीत असतात, बाई."

"मग निवांतपणे होईल."

त्याने हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग "बरं" म्हणून गेला. त्या माणसाला "बरं"शिवाय दुसरे काही येत नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

कालच्या संध्याकाळच्या पेपरात ईनॉसवर पाऊण स्तंभ आहे. 'आघाडीचा बुरूज', 'होमरॉइडचा सिंह' वगैरे. लिहिणाऱ्याने त्याला सहा फुटांचा केला आहे. तो पाच फूट आठ इंच होता आणि त्याचे कान कोबीच्या पानांसारखे झाले होते.

पेपरात लिहिले नाही ते मी इथे लिहून ठेवते.

अठराव्या वर्षी तो खेळू लागला. आईने एक महिना त्याच्याशी बोलणे टाकले. पंचविसाव्या वर्षी परगण्याच्या संघात एकदा निवडला गेला आणि निवडलेल्यांना देतात ती झुपका लावलेली मानाची टोपी घेऊन आला. आईने ती बिस्किटांच्या डब्यात बंद करून ठेवली. पंच्याण्णव साली उत्तरेकडचे क्लब जुन्या संघटनेतून बाहेर पडले. कारण साधे होते. सकाळची पाळी बुडवून परगावी खेळायला जाणाऱ्या मजुराला बुडालेली मजुरी द्यावी की नाही. जुन्या संघटनेतल्या लोकांची सकाळ कधी बुडत नाही, त्यामुळे त्यांना हा प्रश्नच कळला नाही. ईनॉस नव्या संघटनेबरोबर गेला. जुन्यांनी त्याला जन्मभरासाठी बाद केले. डॉक्टरांची आणि वकिलांची मुले त्याला रस्त्यात ओळख दाखवेनाशी झाली. आज त्याच लोकांच्या क्लबाने झिलाकडे फुले पाठवली आहेत. फुले महाग आहेत.

पण नवे लोक तरी काय. आपण पोटासाठी खेळत नाही हे जगाला दाखवायला त्यांनी नियम केला की शनिवारी दुपारी जो खेळेल त्याने आठवडाभर इमानदारीने दुसरे काम केलेले असले पाहिजे, शनिवारची सहा ते बारा ही पाळीसुद्धा धरून. पाळी चुकली तर खेळायचे नाही. आधी लेखी परवानगी काढली असेल तर गोष्ट वेगळी. एवढे नियम आमच्या शाळेतही नाहीत.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये आई बुधवारी वारली. शनिवारी, ४ तारखेला, सकाळी अकराला दफन होते. शाळेने रजा नाकारली म्हणून शनिवार मीच ठरवला. ईनॉस म्हणाला होता, "ताई, रविवारी नाही का जमणार?" मी म्हटले, रविवारी चॅपलमध्ये तीन वेळा उपासना असते, पाद्री कुठून येणार, आणि तुला आईपेक्षा चेंडू मोठा असेल तर येऊ नकोस. तो आला. काळा कोट घालून शेवटपर्यंत उभा राहिला. तिथून तसाच मैदानावर गेला आणि करंडकाचा उपांत्य सामना खेळला. होमरॉइड जिंकले.

आठवड्याच्या आत कोणीतरी वरच्या समितीला कळवले की तो सकाळी कामावर नव्हता. समितीने त्याला दीड वर्ष बाद केले. अंतिम सामना त्याच्याशिवाय झाला आणि होमरॉइड हरले. इंग्लंडच्या निवड सामन्यासाठी त्याचे नाव होते, तेही गेले. परत आला तेव्हा एकतिशी उलटली होती आणि गुडघा गेला होता.

समितीने मलाही पत्र पाठवून विचारले होते. मी दोन पाने उत्तर लिहिले. सगळे नेमके. दफन किती वाजता सुरू झाले, किती वाजता संपले, कोण कोण हजर होते. आईच्या दफनाला उभ्या राहिलेल्या मुलाला कोणीही शहाणा माणूस शिक्षा करणार नाही, असे मला वाटले होते. त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही. वाचलेही नसेल. चुगलखोराचे तोंडी बोलणे चालते, शाळामास्तरणीचे लेखी चालत नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

पार पडले.

वीस माणसे येतील असा माझा अंदाज होता. चॅपलच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी माणसेच माणसे, तीनशे तरी असतील. कामाचे कपडे, केसांत लोकरीचा भुसा. सकाळी दहाला. काही जण सरळ गिरणीतून बाहेर पडले होते, त्यांच्या अंगावर एप्रन तसेच. अर्ध्या दिवसाची मजुरी सर्वांची गेली असणार. काम चुकवायला ह्या गावाला निमित्त लागते एवढेच.

पेटी खेळाडूंनी आळीपाळीने वाहिली. क्लबाचे पुष्पचक्र चेंडूच्या आकाराचे होते, लंबगोल, वर जांभळ्या फुलांची शिवण. इतके कुरूप पुष्पचक्र मी आजवर पाहिले नाही. पाद्रीबुवांनी ईनॉसला 'विश्वासू खेळाडू' म्हटले. हेच पाद्रीबुवा नव्वद साली ह्या खेळाला सैतानाची कवायत म्हणत होते.

नंतर झिलाकडे चहा आणि उकडलेले हॅम. हॅम एवढे की पलटण जेवली असती. कोपऱ्यात माणसे ईनॉसची नक्कल करत होती आणि सगळे हसत होते. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ डोकी खाली घालून एकमेकांना रेटतात तिथे, डोके घातल्यावर तो समोरच्याला म्हणायचा म्हणे, "काय, घरी सगळे बरे ना?" आणि मग ढकलायचा. मी त्याचा एकही सामना पाहिला नाही. माझ्या वर्गाच्या खिडकीतून मैदानाचा एक कोपरा दिसतो. तिथल्या खालच्या काचांना मी चुना लावून घेतला आहे.

क्राउदर दाराजवळच उभा राहिला. त्याला कोणी जेवायला बसवले नाही आणि तोही बसला नाही. आईच्या दफनालाही तो असाच टोपी हातात धरून उभा होता. पुढे चुगली झाली तेव्हाच माझ्या मनात त्याचे नाव आले होते. ईनॉस त्या सकाळी कामावर नव्हता हे तिथे हजर असलेल्यांनाच ठाऊक होते. घरचे, पाद्री, शेजारच्या तीन म्हाताऱ्या आणि क्राउदर. म्हाताऱ्यांना लिहिता येत नव्हते.

मी एकदा ईनॉसला सरळ विचारले होते की कोणी सांगितले. तो बूट पुसत होता. म्हणाला, "ज्याला खोटं बोलता येत नाही अशा कोणीतरी, ताई. अशी माणसं फार उरली नाहीत. एखादं सापडलं तर मारून कसं चालेल?" असले विनोद करायची त्याला सवयच होती.

सोमवार, १९ फेब्रुवारी

शाळा नेहमीसारखी सुरू. पाचवीच्या वर्गात कोणीतरी नकाशावर शाई उडवली. माझी पद्धत जुनी आहे. सर्वांना विचारत बसायचे नाही. ज्याला खोटे बोलता येत नाही अशा एकाला विचारायचे. ह्या वर्षी ती एलन टॉर्डॉफ. "एलन, कोणी केलं?" ती उभी राहिली आणि नाव सांगितले, पूर्ण वाक्यात, मी शिकवले तसे. मिनिटात प्रकरण मिटले. इन्स्पेक्टरसुद्धा माझ्या वर्गाच्या शिस्तीची तारीफ करतात.

मधल्या सुट्टीत एलन भिंतीशी एकटी उभी असते. तिला त्याचे काही वाटत असेल असे दिसत नाही.

शनिवार, २ मार्च

संपामुळे खाणी बंद पडल्या आहेत, कोळसा नाही. वर्गात मुले कोट घालून बसतात.

झिला आणि क्राउदर दोघे आले. थडग्याच्या दगडाचे बोलायला. क्लबाला दगड बसवायचा आहे, त्यावर ईनॉसचे नाव, क्लबाचे नाव आणि वर कोरलेली ती झुपक्याची टोपी. गवंड्याने चित्र काढून दिले आहे. टोपी चहाच्या किटलीवर घालायच्या गरमपोसासारखी दिसते.

झिला म्हणाली, "वन्सं, तुमची सही लागते. थडगं तुमच्या नावावर आहे."

"दगडावर नाव येईल. ईनॉस ओल्डरॉइड, हिचा मुलगा. क्लबाचं येणार नाही."

"अहो, तेवढंच तर त्यांचं होतं."

"तेवढंच त्यांनी काढून घेतलं त्याचं. दीड वर्ष. आता दगडावर परत देतात."

क्राउदर म्हणाला, "बाद करणारे आम्ही नव्हतो, बाई. वरची समिती."

"आणि वरच्या समितीला सांगणारे कोण?"

झिलाने क्राउदरकडे पाहिले, तो शेगडीकडे पाहत होता. मी त्यांना स्पष्ट सांगितले की क्लबातल्या ज्या माणसाने सांगितले त्याचे नाव मला द्या, मग मी सही करते. चुगली करणाऱ्यासकट सगळ्या क्लबाचे नाव माझ्या आईच्या डोक्याशी कोरून घेणार नाही.

"जाऊ द्या ना, वन्सं," झिला म्हणाली. ओरडून नाही. मला वाटते तिचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तेरा वर्षं झाली. त्यांनी सोडून दिलं होतं."

"तो काहीही सोडून द्यायचा. म्हणून फाटकावर बसला."

तिचे तोंड लाल झाले. क्राउदरने तिच्या दंडाला हात लावला आणि दोघे गेले. दार लोटून घेतले नाही.

बुधवार, ६ मार्च

मला जे ठाऊक होते तेच निघाले.

शाळा सुटल्यावर क्राउदर फाटकाशी उभा होता. म्हणाला, "मीच सांगितलं होतं, बाई."

"कोणाला?"

"समितीला."

"तोंडी की लेखी?"

त्याने टोपी हातात फिरवली. "दोन्ही."

"का?"

"तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं."

"दारू?"

"असेल. आता सही करा. झिलाबाईंना दगड हवाय."

पंचवीस वर्षे मी वर्गात पाहत आले आहे की खोटे वागलेल्याला नजर वर करता येत नाही. त्याला येत नव्हती. मी म्हटले, सही करते, क्लबाचे नाव येऊ द्या. पण दगड बसवायच्या दिवशी तुम्ही तिथे पाऊल ठेवायचे नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही.

"बरं," तो म्हणाला. त्याने मोठा श्वास सोडला. तेरा वर्षांचे ओझे उतरले असेल.

घरी येऊन चहा केला. मला समाधान वाटायला हवे होते. थंडी फार आहे.

शनिवार, ९ मार्च

आज लिहीत नाही.

रविवार, १० मार्च

चॅपलला गेले नाही. झाले ते जसे झाले तसे लिहिते.

काल सकाळी झिला आली. दार वाजवले नाही. हातात बिस्किटांचा डबा, आईचाच.

"जेबेझला काय म्हणालात?"

"जे म्हणायला हवं होतं ते."

"थडग्यावर यायचं नाही म्हणालात. ज्याने त्यांच्यासाठी स्वतःची जागा घालवली त्याला." तिने डबा टेबलावर आपटला, त्यातली टोपी उसळली. "मी तेरा वर्षं गप्प बसले, वन्सं. नवऱ्याला शब्द दिला होता. जेबेझला दिला नव्हता. टोपीखाली बघा."

टोपीखाली दोन कागद होते. एकाचे अक्षर मी लगेच ओळखले. सरळ, गोल, ओळ न सोडणारे, शाळेतल्या कित्त्यासारखे. माझे.

'आपल्या ९ तारखेच्या पत्रास उत्तर. शनिवार, ४ मार्च रोजी सकाळी अकरा वाजता माझा भाऊ ईनॉस ओल्डरॉइड आमच्या आईच्या दफनास हजर होता. तो दहा वाजल्यापासून पावणेबारापर्यंत माझ्याजवळ होता. त्याचे फोरमन श्री. जेबेझ क्राउदर हेही शेवटपर्यंत हजर होते.' खाली आणखी दीड पान, आई कशी होती, ईनॉस कसा मुलगा होता. त्याला कोणीतरी काट मारली होती. वरच्या तीन वाक्यांखाली निळी रेघ.

दुसरा कागद समितीचा. त्यात लिहिले होते की हरलेल्या क्लबाने शंका घेतली होती, पण खेळाडूने आपण कामावर होतो असे सांगितले, गोदामाच्या हजेरीवहीत फोरमनने त्याची सहा ते बारा हजेरी लावलेली होती, आणि मालकाचीही तक्रार नव्हती. 'प्रकरण बंद करण्यात येत होते. तथापि खात्रीसाठी खेळाडूच्या भगिनी, ज्यांच्या सचोटीविषयी गावात दुमत नाही, यांच्याकडे विचारणा केली असता...'

मी दोनदा वाचले. चूक कुठे सापडते का ते पाहण्याची सवय आहे. पत्रात एकही चूक नव्हती.

झिला उभीच होती. म्हणाली, "समितीने त्यांना बोलावून हे समोर ठेवलं. ते म्हणाले, हे पत्र मला द्या, मी शिक्षा भोगतो. घरी आणून इथे ठेवलं. जेबेझची जागा त्याच आठवड्यात गेली, खोटी हजेरी लावली म्हणून."

"मला का सांगितलं नाही?"

"मी सांगणार होते. तुमच्या दारापर्यंत आले होते एकदा. त्यांनी ओढत परत नेलं. म्हणाले, ताई पोरांना खरं बोलायला शिकवते. तिला हे कळलं तर सोमवारी वर्गात कशी उभी राहील?"

ती खाली बसली. मग मीही बसले. तिने डब्याचे झाकण लावले आणि म्हणाली, "चहा तरी करा, वन्सं. मी आरडाओरडा करून आले. घसा सुकला." मी केला. तिने दोन कप घेतले.

शनिवार, १६ मार्च

क्राउदरच्या दुकानात गेले. तो तोंडात खिळे धरून एका लहान बुटाला नाल ठोकत होता. मला बघून खिळे काढून हातात घेतले.

"झिलाबाई येऊन गेल्या म्हणायच्या."

"तुम्ही बुधवारी माझ्याशी खोटं बोललात."

"हो."

"वाईट बोललात. तोंडी आणि लेखी दोन्ही म्हणालात."

"सवय नाही, बाई. एकदाच बोललो होतो, तेही वहीत. आणि तेही पकडलं गेलं." तो हसला. मला हसता आले नाही.

मी काय बोलायचे ते घरून ठरवून आले होते, पूर्ण वाक्यात. त्यातले एकही बाहेर येईना. शेवटी म्हटले, "तुमची जागा गेली."

"गेली. पण तिथं राहिलो असतो तर माझी छातीही गेली असती." त्याने बूट उलटा करून पाहिला. "तुम्ही खरं लिहिलंत, बाई. ज्यांनी विचारलं त्यांनाही ते ठाऊक होतं, तुम्ही खरंच लिहिणार. म्हणून तर विचारलं. सगळ्या गावात दुसऱ्या कोणाला विचारलं असतं तर म्हणाला असता, मला आठवत नाही."

"मला आठवत होतं."

"तेच तर," क्राउदर म्हणाला.

मी म्हटले, दगड तीस तारखेला बसेल, शनिवारी. सकाळी अकरा वाजता. तुम्ही यावे. तो म्हणाला, शनिवारी सकाळी बुटांची गर्दी असते. मग म्हणाला, "बरं."

शनिवार, ३० मार्च

दगड बसला. वर आईचे नाव होतेच. खाली: ईनॉस ओल्डरॉइड, होमरॉइड क्लबचा आघाडीचा खेळाडू. त्याखाली टोपी. ती अजूनही गरमपोसासारखीच दिसते. गवंड्याने विचारले होते, धंदा काही वेगळा घालायचा आहे का. मी म्हटले, घातलेला आहे.

झिला, मी आणि क्राउदर, तिघेच. क्राउदर दुकान बंद करून आला. आईच्या वेळी होता त्याच जागी, रस्त्याकडच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. मी त्याला पुढे बोलावले. आला नाही. मग मीच चार पावले मागे सरकले. झिलाने पाहिले आणि तीही मागे आली. दगडापुढे कोणीच उरले नाही. वारा फार होता.

मंगळवार, २ एप्रिल

आज पाचवीत शाईची दौत फुटली. जमीन, दोन वह्या आणि एका मुलीचा एप्रन खराब झाला. मी वर्गाकडे पाहिले. सवयीने नजर एलनकडे गेली. मी काही बोलायच्या आधीच ती उभी राहत होती. तोंड पांढरे झाले होते.

मी म्हटले, "बस, एलन. मी तुला विचारलेलं नाही."

ती बसली. बाजूच्या मुलीने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

जमीन मी आणि मॉनिटरने पुसली. शाई कोणी सांडली ते मला अजून माहीत नाही.